प्रोजेक्ट विकत मिळतो, कारण प्रश्नाला पत्ता नसतो

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका संलग्न कॉलेजात तुम्ही मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला थिअरी ऑफ मशीन्स, म्हणजे यंत्रांचे भाग कसे हलतात याचा विषय, शिकवता. वर्गात साठ-पासष्ट मुलं. विभागप्रमुखांनी सांगितलंय, ‘या सत्रात हा विषय प्रोजेक्ट बेस्ड लर्निंगनं घ्या.’ मागच्या वर्षी मिनी प्रोजेक्टला मुलांनी दुकानातून तयार मॉडेलं आणली. गटातल्या दोघांनी काम केलं, बाकीचे फोटोपुरते उभे राहिले. आता तुम्हाला तीन चिंता आहेत : हे पुन्हा होऊ नये, अभ्यासक्रम वेळेत संपावा आणि एनबीएच्या, म्हणजे अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या, फाइलला दाखवायला काहीतरी असावं.

मी सोलापुरातच याच शाखेत बरीच वर्षं शिकवते आहे आणि हा विषय या पद्धतीनं घेते. म्हणून जरा लांबण लावते.

तुम्ही मुलांच्या आळसाबद्दल बरंच लिहिलंय. मला अडचण वेगळीकडे दिसते. ‘एखाद्या यंत्रणेचं मॉडेल बनवा’ असा विषय दिला की ते मॉडेल दुकानात मिळणारच. जिनिव्हा व्हील, व्हिटवर्थ क्विक रिटर्न, चार दांड्यांची यंत्रणा, सगळं ॲक्रिलिकमध्ये कापून, रंगवून, रिपोर्टसकट तयार मिळतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे मातीचा ओलावा दाखवणारी अर्डुइनोची (छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किट बोर्डाची) किट मिळते, कॉम्प्युटरवाल्यांकडे हजेरीचं सॉफ्टवेअर. आपण दिलेला प्रश्न सोलापुरात जसा तसाच नागपुरात नि कोइमतूरमध्ये लागू पडत असेल, तर त्याचं उत्तर कुणीतरी आधीच करून विकायला ठेवलेलं असतं. आता तर रिपोर्ट एआय लिहून देतं, दुकानातही जावं लागत नाही. मुलाला ओरडून हे थांबत नाही. प्रश्नाला ठिकाण द्यावं लागतं, आणि त्या ठिकाणी जाऊन स्वतः मोजल्याशिवाय मिळणार नाही असा एक आकडा त्यात असावा लागतो.

याच अर्डुइनोच्या किटचं बघा. ‘डाळिंबाच्या बागेसाठी स्वयंचलित ठिबक’ हा विषय विकत मिळतो. पण ‘सांगोल्याच्या अमक्या बागेत बहार धरण्यासाठी पाणी तोडलेलं आहे, त्या ताणाच्या काळात हा सेन्सर जे दाखवतो ते खरं आहे का?’ हा प्रश्न विकत मिळत नाही. तिथली माती आणून, वजन करून, भट्टीत १०५ अंशांवर वाळवून, पुन्हा वजन करून सेन्सरचं वाचन पडताळावं लागतं. जमीन काळी असेल तर ती वाळताना भेगाळते, सेन्सरची पात आणि माती यांच्यात फट पडते आणि सेन्सर भलताच कोरडेपणा दाखवतो. हे मुलांना स्वतः सापडलं की कॅलिब्रेशन म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. किट तीच, खर्च तोच, फक्त प्रश्नाला गाव मिळालं.

पुढं जायच्या आधी एक गोंधळ मिटवते, कारण विभागप्रमुखांशी बोलताना तुम्हाला तो नडेल. प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग या नावाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी चालतात. एक, अभ्यासक्रम शिकवून झाल्यावर शेवटी जोडलेला मिनी प्रोजेक्ट. दोन, स्वतंत्र विषय. पुणे विद्यापीठानं २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला तसा ठेवला होता. तीन, नेहमीचाच विषय, पण त्यातला बराचसा भाग एका प्रश्नाच्या ओघात शिकवायचा. तुम्हाला सांगितलंय ते तिसरं आहे. त्यात प्रोजेक्ट सत्राच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि मुलांना अजून काहीच येत नसतं. ते येत नसणंच तुमच्या तासांना कारण पुरवतं.

डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठाचं नाव तुम्ही कुठल्या ना कुठल्या कार्यशाळेत ऐकलं असेल. १९७४ साली ते सुरू झालं तेच या पद्धतीवर, आणि तिथं विद्यार्थ्याचा साधारण अर्धा वेळ प्रोजेक्टला असतो. आपल्याकडे एका विषयाला आठवड्याचे तीन-चार तास आणि दोन तासांचं एक प्रॅक्टिकल, पेपर विद्यापीठाचा. त्यामुळे त्यांच्यासारखं होत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. आणि ही कल्पना आपल्याला परकीही नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली तेव्हा टकळी आणि चरख्यावरूनच गणित शिकवायचं ठरलं होतं. सोलापुरात तर सूत नि माग शोधायला लांब जावं लागत नाही.

तर मी थिअरी ऑफ मशीन्ससाठी यंत्रमाग घेते. पूर्व भागात कुठल्याही गल्लीत शेड आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहेत, आणि वर्गात एखाददुसरा तरी मुलगा असतो ज्याच्या घरात नाहीतर नात्यात माग आहे. साध्या मागात तुमचा निम्म्याहून जास्त अभ्यासक्रम उघड्यावर फिरताना दिसतो. क्रँकशाफ्टवरून दांडी निघून फणीची (आडवा धागा कापडाला ठोकून बसवणाऱ्या कंगव्याची) चौकट पुढं-मागं हलवते, ती चार दांड्यांची यंत्रणा. खालचा शाफ्ट साध्या विणीत क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगानं फिरतो, तो गिअरचा गुणोत्तराचा धडा. त्याच्यावरचे टॅपेट ताण्याचे, म्हणजे उभे, धागे खालीवर करतात, ते कॅम. मोटरपासून पट्टा. आडवा धागा घेऊन जाणाऱ्या धोट्याला फटका मारून पलीकडे धाडणं, आणि तो तिथं पोचल्यावर अडवणं. शिवाय ब्रेक. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या एकाच लोखंडी चौकटीत बसवल्यात, आणि त्यातून कुणाचंतरी पोट चालतं.

प्रश्न मी एकच देते, साध्या मराठीत : ‘या शेडमधले हे दोन माग सारखे आहेत, मोटर सारखी आहे, कापडही तेच. मग दिवसअखेर एकावर कमी कापड का निघतं?’ शेडमालकाला हा प्रश्न आधीपासून पडलेला असतो. त्यामुळे तो दार उघडतो.

पहिल्या भेटीत मुलांनी फक्त मोजायचं. मोटरच्या पाटीवर काय लिहिलंय, दोन्ही पुल्यांचे व्यास, मिनिटाला किती पिक, म्हणजे किती आडवे धागे (क्रँकच्या एका फेऱ्याला एक). फेरे मोजायचा टॅकोमीटर असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइल पुरतो. मिनिटाला १२० पिक म्हणजे क्रँकचे सेकंदाला दोन फेरे. २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये एका फेऱ्याला १२० फ्रेम मिळतात, म्हणजे दर फ्रेमला ३ अंश. ट्रॅकर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फणीवर एक ठिपका धरून विस्थापनाचा आलेख काढता येतो. पाटीवरच्या वेगावरून आणि पुल्यांवरून क्रँकचा वेग किती यायला हवा ते मुलं काढतात. प्रत्यक्षात त्याहून कमी भरतो. ‘का?’ हा प्रश्न घेऊन ती वर्गात येतात आणि मी पट्ट्याची घसरण शिकवायला घेते. दरवर्षीचंच गणित, पण आता त्यातल्या पुल्यांच्या व्यासांसाठीच्या डी-१ नि डी-२ या अक्षरांच्या जागी त्यांच्या वहीतले आकडे असतात.

इथं बहुतेक गटांची समजूत होते की उत्तर मिळालं, पट्टा सैल आहे. मग मी त्यांना एक तासभर फक्त घड्याळ लावून बसवते. माग किती वेळा थांबला, कशासाठी थांबला, किती वेळ थांबला. धोट्यातली सुताची कांडी संपली, ताण्याचा धागा तुटला, बाण्याचा (आडवा) तुटला, कामगार दुसऱ्या मागावर होता. १२० च्या जागी ११५ पिक पडले तर कापड साधारण ४ टक्के घटतं. थांबण्यात मिनिटं जात असतील तर तोटा त्याच्या कितीतरी पट होऊ शकतो. वेग आणि उत्पादन यांतला हा फरक मी फळ्यावर लिहून सांगितला तर दुसऱ्या वर्षाच्या मुलाच्या डोक्यावरून जातो. वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या थांब्यांची बेरीज केली की तो कायमचा बसतो. आणि मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : धागा तुटतो का? त्यातून फणीच्या त्वरणाकडे जाता येतं.

हा भाग मला सगळ्यात आवडतो. क्रँकची त्रिज्या आणि जोडदांडीची लांबी यांचं गुणोत्तर बदललं की फणीची चाल बदलते. उदाहरणादाखल त्रिज्या ७ सेंटीमीटर आणि गुणोत्तर एक-चतुर्थांश धरा. १२० पिकला त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग हे साधारण ११ येतं. सरकणाऱ्या ठोकळ्याच्या ढोबळ सूत्रानं, फणी कापडाला ठोकते त्या टोकाला त्वरण पावणेचौदाच्या आसपास आणि मागच्या टोकाला सव्वाआठ, एकक मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे पुढं जोरात ठोका, मागं संथ. फणी मागं रेंगाळते तेवढ्यात धोट्याला पार व्हायला वेळ मिळतो. मागाची रचना तशी का केली असेल, हे मुलांना त्या दोन आकड्यांत दिसतं. ट्रॅकरचा आलेख आणि सूत्राचा आलेख एकावर एक ठेवायला लावा. ते तंतोतंत जुळत नाहीत, कारण फणीची चौकट सरळ रेषेत न जाता खालच्या खिळीभोवती झुलते, शिवाय सांधे झिजलेले असतात. का जुळत नाहीत यावर मी मुलांना भांडू देते.

आता ‘अभ्यासक्रम संपणार कसा’. सगळा विषय मागातून शिकवायचा हट्ट धरू नका. गायरोस्कोप मागात नाही, गव्हर्नर नाही. ते ओढूनताणून आणू नका, नेहमीसारखे फळ्यावर शिकवा, पेपरातली गणितं सोडवून घ्या. प्रोजेक्टच्या ओघात शिकवलेल्या युनिटांवरचीही विद्यापीठाची जुनी गणितं घ्यायची, तेवढा वेळ आधीच राखून ठेवायचा. मुलं नवखी असतात, त्यांना ‘शोधा’ म्हणून सोडून दिलं तर बरीचशी भरकटतात. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी अशा कमी मार्गदर्शनाच्या पद्धतींवर सडकून टीका केली होती आणि नवशिक्यांच्या बाबतीत ती मला पटते. मुलांची गरज उभी राहिली की त्याच आठवड्यात आपण नीट, पूर्ण, उदाहरणांसह शिकवायचं. या पद्धतीत शिक्षक कमी बोलतो ही समजूत चुकीची आहे. बोलायची वेळ तेवढी बदलते.

गटांचं. मुलांना आपापले गट करू देऊ नका. आपल्या वर्गात दोन प्रकारची मुलं असतात : बारावी करून आलेली, आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. डिप्लोमावाल्याला व्हर्निअर, पाना, मोटरची पाटी सगळं ओळखीचं, पण गणितात तो बिचकतो. बारावीवाल्याचं उलट. दोघं एका गटात आले की दोघांनाही दुसऱ्याची गरज लागते, आणि ती रोज दिसते. गट चार-पाच जणांचा, त्याहून मोठा नको. सहावा माणूस मोजपट्टीचं दुसरं टोकही धरत नाही. शेडमध्ये कामगार पुष्कळदा तेलुगूत बोलतात. गटात तेलुगू येणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर सगळी माहिती त्यांच्याकडून येते. वर्गात वर्षभर गप्प राहिलेली मुलगी शेडमध्ये ताणा कसा भरतात ते सांगायला लागते, आणि त्यानंतर वर्गातही तिचा आवाज निघतो. मात्र ज्याच्या घरी माग आहे त्याला आधी एकट्याला विचारा. सगळ्यांसमोर ‘तुझ्या घरी जाऊया’ म्हणू नका.

कामाची वेळ कॉलेजच्या वेळेतच बसवा. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटहून एसटीनं येणारी मुलं पाचनंतर थांबू शकत नाहीत, आणि मुलींच्या घरून संध्याकाळच्या भेटींना परवानगी मिळत नाही. प्रॅक्टिकलचे दोन तास यासाठीच वापरा, आणि बॅच घेऊन स्वतः जा. ‘घरी करून आणा’ म्हटलं की काम गावात राहणाऱ्या दोघांवर पडतं. तुम्ही लिहिलेले ‘फोटोपुरते उभे’ राहणारे पुष्कळदा असे तयार होतात.

शेडमध्ये शिरताना दोन गोष्टींत तडजोड नको. ओढणी, मोकळी बाही, गळ्यातलं ओळखपत्र बाहेर काढून ठेवायचं, कारण पट्टा आणि शाफ्ट उघडे असतात. आणि धोट्याच्या रेषेत, मागाच्या कडेला कुणी उभं राहायचं नाही. धोटा उडतो आणि तो लागला तर डोळा जाऊ शकतो. कामगाराला कापडावर मजुरी मिळते, त्याचा माग आपल्या मोजमापासाठी थांबवायचा नाही. पुल्यांचे व्यास, दांड्यांची लांबी हे बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) बदलताना किंवा लाइट गेलेली असताना घ्यायचं. तेव्हासुद्धा आधी मेन स्विच बंद करायला सांगायचं, लाइट कधीही येते.

गुण कसे द्यायचे यावर सगळं अवलंबून आहे, कारण मुलं गुणांच्या दिशेनं जातात आणि त्यात गैर काही नाही. समजा २५ गुणांचं टर्मवर्क आहे. मी शेवटच्या सादरीकरणाला ५ ठेवते, जास्त नाही. १० गुण आठवड्याच्या वहीला. वही हातानं लिहिलेली, तारखेसह, चुकलेलं वाचन खोडून शेजारी नवं. पान फाडायचं नाही. दर आठवड्याला त्यात एक निर्णय आणि त्याचं कारण हवं : ‘तीनऐवजी दहा फेरे मोजले, कारण वाचनं फार हलत होती.’ उरलेले १० वैयक्तिक तोंडी परीक्षेला. त्यात मी मुलाला त्यानं केलेलं विचारत नाही. गटातल्या दुसऱ्यानं केलेलं विचारते. आलेख सोहमनं काढला असेल तर तो सानिका समजावते. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. मग मुलं आपसांत शिकवायला लागतात, कारण मित्राला आलं नाही तर त्याचे गुण जातात हे त्यांना दिसतं.

एकमेकांना गुण द्यायला लावण्याची पद्धत पुस्तकांत फार सांगतात. आपल्याकडे सगळे सगळ्यांना पाचपैकी पाच देतात, मैत्री मोडायला कुणी धजत नाही. मी गुण विचारतच नाही. प्रत्येकाकडून वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहून घेते : पुलीचा व्यास कुणी मोजला, व्हिडिओ कुणी काढला, थांबे कुणी नोंदले. चिठ्ठ्या जुळल्या तर प्रश्न नाही. जुळल्या नाहीत तर त्या गटाला बोलावून बोलते. त्यात शिक्षा नसते. बहुतेकदा एखादा मुलगा कामाला जातो, एखादीच्या घरी आजारपण असतं, आणि ते तेव्हाच कळतं.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे हेही सांगते. तुमच्याकडे यंदा तीन-चार विषयांचा भार असेल तर साठ वह्या दर आठवड्याला वाचणं अशक्य आहे. गटाची एकच वही ठेवा आणि लिहिणारा हात दर आठवड्याला बदला. कॉलेज पुढं स्वायत्त झालं तर पेपरातही या कामावर प्रश्न टाकता येईल, आज येणार नाही. विषय गणिताचा असता तर मी हा आग्रहच धरला नसता. आणि माग तुम्हाला स्वतःला ओळखीचा नसेल तर मुलांच्या आधी एकट्यानं जाऊन या, मालकाशी नि कामगाराशी बोला. माग न मिळाल्यास उसाचं गुऱ्हाळ, पिठाची गिरणी, शेंगदाणे फोडायचं यंत्र, काहीही चालेल. पट्टा, क्रँक किंवा कॅम उघड्यावर फिरत असावा आणि त्याच्या मालकाला एखादा खरा प्रश्न पडलेला असावा.

पहिल्या सत्रात एवढं सगळं करायला जाऊ नका. पट्टा आणि चार दांड्यांची यंत्रणा, एवढी दोनच युनिटं मागावरून घ्या. कॅम पुढच्या वर्षी जोडा.

राहिली फाइल. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन करारात, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या देशांच्या करारात, पूर्ण सदस्य म्हणून आला, आणि एनबीएचा सगळा भर आता ‘विद्यार्थ्याला काय करता येतं’ यावर आहे. समितीला चकचकीत फोटोंचे अल्बम लागत नाहीत. तीन वेगवेगळ्या दर्जाच्या गटांच्या मूळ वह्या ठेवा, एक उत्तम, एक मधली, एक कच्ची. सोबत गुण देण्याचे निकष, तोंडी परीक्षेचे प्रश्न आणि तुमचं स्वतःचं एक पान : कुठल्या नोंदीवरून कुठलं कोर्स आउटकम (विषयातून मुलाला काय यायला हवं ते) साधलं असं तुम्ही ठरवलं, आणि कुठलं साधलं नाही. शेडमालकाला मुलांनी दिलेल्या मराठी अहवालाची प्रतही त्यातच लावा. तो अहवाल एकाच पानाचा असू द्या, दोन्ही मागांचे थांबे शेजारी शेजारी मांडलेले. मालक तेवढंच वाचतो, आणि पुढच्या वर्षीच्या बॅचला आत घ्यायचं की नाही हे त्यावरूनच ठरवतो.